आबांची पाठ

आबांची पाठ मी डोळ्यांपेक्षा तळपायांनी जास्त ओळखत होते. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवरून ते घरी यायचे, मोरीवर हातपाय धुवायचे, उभ्याउभ्याच चहा प्यायचे आणि माजघरात घोंगडं पसरून पालथे पडायचे. मग हाक यायची, "मंगे, ये गं बाय, पाठ तुडीव जरा." मी सागरगोट्यांचा डाव तसाच टाकून आत पळायची. तुळईला एक सुती दोर बांधलेला होता. तो दोन्ही हातांनी धरायचा, आबांच्या कमरेवर चढायचं आणि आडवं सरकत सरकत खांद्यांपर्यंत जायचं, मग तसंच खाली यायचं. कण्यावर सरळ पाय द्यायचा नाही, दोन्ही बाजूंच्या मांसावर द्यायचा, असा नियम होता. उसाच्या रानात दोन वरंब्यांच्या मधे सरी असते, तसा आबांचा कणा त्या दोन मांसल वरंब्यांच्या मधे खोल गेलेला होता. माझ्या पायाची आतली कड त्या सरीतून घासत जायची आणि एकेक मणका लागून मागं पडायचा. त्यातला एकही इकडंतिकडं नव्हता. काम झालं की आबा "पुरं" म्हणायचे आणि मी उतरायच्या आत पाठ अशी काही उसळवायचे की मी दोराला लोंबकळत राहायची. आई चुलीपाशी बसून ओरडायची, "पडंल की वो ती!" आणि आम्ही दोघं हसायचो.

आमच्या पेठेत हे काही जगावेगळं नव्हतं. ज्या घरचा पुरुष तालमीत जायचा त्या घरात पाठ तुडवायला एक पोर लागायचंच. पोराचं वजन बेताचं हवं. फार हलकं असलं तर गुदगुल्या होतात, जड झालं की धाकट्या भावंडाला जागा सोडावी लागते. शेजारीपाजारी पोरं उसनीसुद्धा न्यायचे. मी खाऊनपिऊन काटकीच राहिले, धाकटं भावंडही नव्हतं, त्यामुळं माझी ही नोकरी बरीच वर्षं टिकली. हल्ली माझी कंबर धरली की एक मुलगी घरी येते, मशीन लावते, रबरी पट्टे ओढायला लावते आणि गोड बोलत माझ्याकडून व्यायाम करून घेते. परवा तिला मी ही हकीकत सांगितली तर ती घाबरून म्हणाली, "आजी, असं कुणाच्या पाठीवर उभं राहायचं नसतं." म्हटलं, बाई, हे मला तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. कसं माहीत झालं ते मात्र तिला सांगत बसले नाही.

आबा एके काळी नाव असलेले पैलवान. दोन्ही कान फुटलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं. संस्थान होतं तोवर पैलवानांच्या खुराकाची सोय होती. संस्थान गेलं, तशी दुधाबदामाची ददात सुरू झाली आणि आबा अडतीवर लागले. गुळाच्या ढेपा उचलून थप्पीला लावायच्या. पण पहाटेची तालीम त्यांनी सोडली नव्हती. लाल मातीचा आणि तेलाचा वास त्यांच्या अंगाला कायम असायचा. बायकामुलींना तालमीत पाऊल टाकायला बंदी होती, म्हणून तालीम मला माहीत झाली ती तिथून आमच्या घरी येणाऱ्या माणसांवरून. त्यात मुख्य म्हणजे वस्ताद. त्यांनी आबांना लहानपणापासून घडवलेलं. त्यांचा शब्द आमच्या घरात देवासारखा चालायचा. निखळलेला सांधा बसवण्यात वस्तादांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदा आमच्या ओट्यावर एका पोराचा खांदा निखळून हात लोंबत होता. वस्तादांनी त्याला मिरचीच्या भावाबद्दल काहीतरी विचारलं, आणि तो उत्तर देतोय तोवर खटकन खांदा जागेवर. पोरानं बोंब मारली आणि लगेच हात वर करून बघितला. अशा माणसाचं कोण ऐकणार नाही?

रविवारी मटण असायचं. आई चंदगडची. तिकडच्या पावसात वाढलेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. पण तांबडा-पांढरा रस्सा ती कोल्हापूरच्या बायकांच्या वरताण करायची. आबा नळी ताटावर आपटून आतला मगज माझ्या भातावर काढायचे आणि म्हणायचे, "खा. हाडं पोलादाची व्हत्यात." तो ताटावरचा टक टक आवाज मला आजही कुठल्या खाणावळीत ऐकू आला की माझं जेवण तिथंच थांबतं. कारण आबांचं अन्न कमी झालेलं मला आधी त्या आवाजावरून कळलं. एका रविवारी आवाज झालाच नाही. नळी तशीच ताटात पडलेली, रस्सा गार झालेला, आणि आबा भिंतीला टेकून बसलेले. "इच्छा न्हाय," एवढंच म्हणाले. आईनं त्यांच्या कपाळाला हात लावला. संध्याकाळचा बारीक ताप त्यानंतर रोजचाच झाला.

त्याच सुमारास पाठ बदलली. दोन्ही बाजूंचं मांस, जे माझ्या टाचांखाली दबून परत वर यायचं, ते लाकडासारखं ताठ झालं. मी कितीही जोर दिला तरी दबेना. आबा पाठ उसळवायचेही बंद झाले. "पुरं" म्हणायचे आणि तसेच पडून राहायचे. मी गुमान दोर सोडून उतरायची. खाली पडलेली वस्तू ते वाकून घेईनासे झाले. कंबर ताठ ठेवून गुडघ्यात बसायचे, वस्तू उचलायचे आणि मांडीवर हात रोवून उठायचे. आईला वाटलं ढेपांनी अंग आंबलं असेल. ती बकऱ्याचे पाय आणून रात्रभर मंद आचेवर शिजत ठेवायला लागली. सकाळी तो चिकट रस्सा आबा औषधासारखा प्यायचे. तरी त्यांच्या अंगावरचं मांस उतरतच गेलं, आणि मांस उतरल्यावर जे दिसायचं ते दिसायला लागलं.

एक दिवस माझी पायाची कड सरीतून वर सरकताना अडखळली. खांद्याच्या फऱ्यांच्या खाली, पाठीच्या मध्याशी, एक मणका बाहेर आला होता. मी परत खाली येऊन पुन्हा वर गेले. परत तिथंच अडखळले. अंगणात रोजच्या वाटेवर एखादा दगड वर आलेला पायाला कळतो, तसं ते कळलं. मी म्हटलं, "आबा, हितं काय तरी वर आलंय." ते म्हणाले, "आलं असंल. तू तुडीव." मी तुडवलं. पण त्या दिवसापासून त्या जागेवरून जाताना मी पाय जपून टाकायची. भीतीच वाटायची मला, दुसरा शब्द नाही. रोज मी आधी त्या मणक्यापाशी जायची आणि तो कालच्यापेक्षा वर आलाय का ते पायानं बघायची. तो दर खेपेला थोडा वर आलेला असायचा.

दुपारच्या झोपेत आबा ओरडायला लागले ते त्यानंतर. सुट्टीच्या दिवशी जेवून पडायचे, डोळा लागायचा, घोरणं सुरू व्हायचं आणि अचानक किंकाळी. एवढ्या थोरल्या माणसाच्या गळ्यातून लहान पोरासारखी किंकाळी. आम्ही धावत जायचो तर ते घामाघूम होऊन बसलेले असायचे. "काय झालं?" विचारलं की म्हणायचे, "काय न्हाय. डोळा लागला की कोण तरी पाठीत सुरा घालतंय." मग त्यांनी झोपच टाळायला सुरुवात केली. आई एकदा त्यांना तेल लावताना त्या वर आलेल्या मणक्यावर बोट ठेवून थांबली. बराच वेळ तिनं बोट काढलं नाही. नंतर परसात भांडी घासताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या मावशीचं असंच झालतं." मी विचारलं, "मग?" आई म्हणाली, "मग काय? ती परत उठली न्हाय." आणि राखेचा बोळा परातीवरून फिरवत राहिली.

वस्तादांना बोलावणं गेलं. त्यांनी आबांना पालथं झोपवून दोन्ही अंगठे कण्याच्या बाजूंनी फिरवले आणि निकाल दिला. "आखडलंय सगळं. हे मांस सोडीवलं पायजे, मग मणका आपसूक आत जातोय." त्यांनी रोज येऊन आबांची पाठ मळायला सुरुवात केली. तिळाचं तेल कोमट करून, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून, कोपरानं, मुठीनं. खरं सांगायचं तर आबांना बरं वाटायचं. तासभर मळल्यावर तो लाकडासारखा ताठरपणा जायचा, पाठ मऊ पडायची, वस्ताद हात पुसत म्हणायचे, "बघ, लोणी झालं." आणि दुसऱ्या दिवशी आबा आदल्या दिवसापेक्षा वाईट असायचे. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण पैलवानाच्या घरात दुखण्याला दुखणं म्हणत नाहीत. अंग मोडून घेतल्याशिवाय अंग घडत नाही अशा समजुतीवर ज्यांची हयात गेली, त्यांना वेदना वाढली म्हणजे औषध लागू पडतंय असंच वाटणार.

मी ओट्यावर बसले होते तेव्हाची गोष्ट. आबा अडतीवरून परत येत होते. गल्लीच्या तोंडापासून मला दिसत होते. चालणं विचित्र झालं होतं, पाय कडक, जमिनीवर टाकायचा आणि ओढायचा. ओट्यापाशी आले आणि मी बघितलं, त्यांच्या एकाच पायात वहाण होती. "आबा, दुसरी वहाण कुठाय?" मी विचारलं. त्यांनी खाली बघितलं. मग मागं वळून बघितलं. वहाण पार गल्लीच्या तोंडाशी पडलेली होती आणि तिथून इथपर्यंत ते अनवाणी पायानं खडीवरून चालत आले होते, त्यांना ठाऊकच नव्हतं. मी जाऊन वहाण आणली. ती त्यांच्या पायात घालताना अंगठ्याला खडा रुतून रक्त आलेलं दिसलं. मी खडा उपसून काढला तरी आबांनी पाय मागं घेतला नाही. ते माझ्या डोक्यावरून समोर कुठंतरी बघत होते. मला म्हणाले, "आईला सांगू नगंस." मी आत जाऊन पहिल्यांदा आईलाच सांगितलं.

वस्ताद म्हणाले, आता हातानं भागणार नाही, वजन पायजे. तालमीतला बंडा म्हणून एक जवान गडी होता, दाराच्या चौकटीतून आडवा होऊन आत यावा लागे असा. तो त्या मणक्यावर टाच देऊन एकच दाब देणार आणि मणका आत बसणार, असं ठरलं. त्यासाठी मारुतीचा वार म्हणून शनिवार धरला. आईनं एकदाच तोंड उघडलं, "वस्ताद, शाहूपुरीत ते फोटोवाले डॉक्टर हायत, त्यांना एकदा दावलं तर?" हाडांचा फोटो काढायचं मशीन ज्यांच्याकडं होतं ते डॉक्टर. वस्ताद म्हणाले, "फोटो काढून मणका बसतो व्हय, वैनी?" आबा हसले. वस्तादांच्या समोर दुसऱ्या कुणाचं नाव काढणं त्यांना बेअदबी वाटत होती. त्या शनिवारपर्यंत आईनं घरात एकही भांडं वाजू दिलं नाही. इतकं शांत घर मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी घोंगडं पसरलं. आबा पालथे पडले. त्यांना पडायलासुद्धा दोघांनी धरावं लागलं. वस्तादांनी पाठ मळून लोणी केली. बंडा मोरीवर पाय घासून धूत होता, देवळात जाताना धुवावेत तसे. तुळईचा माझा दोर त्यानं धरून ओढून बघितला, आपलं वजन पेलेल का म्हणून. तुळई करकरली. तेलानं चकाकणाऱ्या पाठीवर तो मणका मला दारातून दिसत होता, आणि बंडाची टाच दिसत होती. मी काय करतेय हे ठरवलं वगैरे नव्हतं. मी पळत गेले आणि आबांच्या पाठीवर उपडी पडले. हात त्यांच्या गळ्याभोवती टाकले आणि गाल त्यांच्या मानेवर. अंगाखाली पोटाला तो मणका टोचत होता.

"मंगे, ऊठ," आबा म्हणाले.

"न्हाय उठणार."

"ए पोरी, खेळ लावलाईस व्हय?" वस्ताद गरजले. "वैनी, हिला घ्या आत!" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती जागची हलली नाही. पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली. बंडा बिचारा धुतलेले पाय घेऊन एका पायावर अवघडून उभा. वस्तादांनी माझं मनगट धरलं. मी ओरडले, "आबांना पायातलं काय कळत न्हाय! वहाण पडल्याली कळली न्हाय! आणि ह्यो वर चढला तर मरतील ते!" मरतील हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता. आबा चिडले. मी पाठीवर असताना चिडायचं असो की हसायचं, त्यांची एकच रीत होती. पाठ उसळवून मला खाली टाकायचं. त्यांनी दोन्ही हात जमिनीला रेटले. छाती थोडी वर आली. कंबर, पाय, काही काही हललं नाही. त्यांनी पुन्हा रेटलं. मला खाली त्यांचं काळीज धडधडताना कळत होतं. मग त्यांनी हात सोडून दिले आणि गाल घोंगड्यावर टेकला.

"वस्ताद," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझं पाय कुठं हायत बघा वो."

वस्तादांनी माझं मनगट सोडलं. खाली बसून त्यांनी आबांच्या पायाला हात लावला, मग पोटरीला चिमटा काढला, मग जोरात काढला. "कळालंय?" "न्हाय." "आता?" "काय कराल्यासा ते तरी सांगा." वस्तादांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. तेलाच्या वाटीला पाय लागून ती कलंडली आणि तेल घोंगड्याच्या कडेनं पसरत गेलं, ते कुणी पुसलं नाही. पुढं गल्लीत काही बायका म्हणायच्या की पोरगी पाठीवर पडली म्हणून पाय गेले. डॉक्टरांनी ते ऐकलं तेव्हा ते हसले होते. म्हणाले, पाय त्या आठवड्यात जाणारच होते, आणि तो गडी चढला असता तर पायांबरोबर सगळंच गेलं असतं. आईनं हे डॉक्टरांचं म्हणणं मोठ्या आवाजात, नळावर, सगळ्या बायकांसमोर दोनदा सांगितलं.

परसदाराची फळी बिजागऱ्यांतून काढून त्यावर आबांना घातलं आणि वस्ताद, बंडा आणि गल्लीतले आणखी दोघं त्यांना उचलून शाहूपुरीपर्यंत चालत घेऊन गेले. बंडा रडत होता. डॉक्टरांनी फोटो काढला आणि तो ओला फोटो खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या वडिलांच्या आतलं मी त्या दिवशी बघितलं. एकावर एक रचलेले चौकोनी मणके, आणि मधेच दोन मणके खाल्ल्यासारखे, पुढून बसून एकमेकांत घुसलेले. तिथं कणा काटकोनात मोडला होता. डॉक्टर म्हणाले, "क्षय आहे. छातीचा नाही, हाडाचा." मग ते वस्तादांकडं वळून सांगू लागले. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "कण्याच्या आतून मेंदूकडून येणारी दोरी जाते. हाड तिच्याभोवती भिंत असतं. हाड कुजलं, तेव्हा शरीरानं काय केलं? दोन्ही बाजूंचे स्नायू आवळून धरले. तुम्हाला जे लाकडासारखं लागत होतं ते दुखणं नव्हतं, तो टेकू होता. झोप लागली की तो टेकू ढिला पडायचा, हाडावर हाड घासायचं, म्हणून हे ओरडायचे."

वस्तादांनी विचारलं, "म्हंजे मी रोज टेकू काढत हुतो?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

मी पुढं शाळामास्तरीण झाले आणि हाडांचा धडा बरीच वर्षं शिकवला. सांगाडा शरीराला आधार देतो, नाजूक अवयवांचं रक्षण करतो, स्नायू हाडांना हलवतात, असं पुस्तकात होतं. मुलांकडून ते पाठ करून घेताना दरवेळी माझ्या डोळ्यांसमोर वस्ताद यायचे. डॉक्टरांचं ते "हो" ऐकून ते खाली बघत होते, आपल्या दोन्ही तळहातांकडं. मग त्यांनी मान वर केली आणि एवढंच विचारलं, "आता उचलायचं कसं, ते दावा." माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो राग होता तो तिथं निम्मा झाला. निम्मा राहिला, तो अजून आहे.

आबांना छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरच्या कवचात झोपवलं. घरी, माजघरात, फळ्यांवर. रोज इंजेक्शन, दूध, अंडी. कूस बदलायची तर सगळं शरीर एका वेळी, एका आवाजावर, एक बोटभरही न वाकवता फिरवायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. वस्तादांनी तालमीतली पोरं आणली आणि आधी आमच्या परसात बंडाला आडवा पाडून तालीम घेतली. "धरा! फिरवा!" बंडा ओंडक्यासारखा पालथा व्हायचा, परत उताणा व्हायचा. पन्नास सपाट्या मारायला लावाव्यात तसं त्यांनी त्या पोरांना ते घोटून घ्यायला लावलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ ती पोरं यायची, हात धुवायची, आणि आबा त्यांच्या हातांवर पालथे व्हायचे. शेजारच्यांनी आमच्याकडं पोरं पाठवणं बंद केलं. क्षय म्हटल्यावर नळावर आपल्या घागरीला कुणी आमची घागर लावू देईना. तालमीतली पोरं मात्र येत राहिली. प्लास्टरच्या आत आबा वितळत होते. दंड गेले, मांड्या गेल्या, खुराकावर पोसलेलं सगळं अंग कुठं गेलं देव जाणे. प्लास्टरच्या कडेला बोट घालून मी खाज सुटेल तिथं विणायची सुई फिरवून द्यायची. आतून आंबूस वास यायचा. आणि रोज सकाळी आई त्यांच्या पायथ्याशी बसून म्हणायची, "अंगठा हलवा बघू." आबा कपाळाला आठ्या घालून जोर लावायचे. सारी शक्ती लावायचे, समोरचा गडी चितपट करायला लावायचे तशी. आम्ही अंगठ्याकडं बघत बसायचो. अंगठा मेणाचा असल्यासारखा तसाच. आई गोधडी परत पायावर ओढायची आणि उठायची. मला तिची मावशी आठवायची. तिलाही आठवत असणार, पण आम्ही दोघींनी पुन्हा तिचं नाव काढलं नाही.

पावसाळा गेला, दिवाळी आली. दिवाळीत आम्ही दिवा लावला तो फक्त उंबऱ्यावर. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी आई पायथ्याशी नेहमीसारखी बसली, "हलवा" म्हणाली, गोधडी ओढली आणि उठून चुलीपाशी गेली. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मग मला हाक मारली, "मंगे, बघ गं. मला काल दिसलं. खरं हाय काय बघ." आबांचा अंगठा हलला. जेमतेम, पण हलला. मी किंचाळले. आई मला गप्प करत राहिली, जणू मोठ्यानं बोललं तर तो पुन्हा मेला असता. त्यानंतरही बरेच महिने आम्ही तशाच धास्तीत काढले. आज हललेलं बोट उद्या हलेल याची हमी डॉक्टर देत नव्हते.

प्लास्टर कापलं तेव्हा डॉक्टर घरी आले होते. कात्रीचा आवाज ऐकून आबांनी डोळे मिटून घेतले. आतून जो माणूस निघाला त्याला मी रस्त्यात ओळखलं नसतं. पाठीवर मधोमध कुबड, त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती कातडी. डॉक्टरांनी चामड्याचा आणि लोखंडी पट्ट्यांचा अंगरखा त्यांना घालून बंद आवळले. वस्तादांनी एका बाजूनं बगलेत हात घातला, बंडानं दुसऱ्या बाजूनं. "उठवा," डॉक्टर म्हणाले. आबा उठले. पाय थरथरत होते, गुडघे एकमेकांना लागत होते. आई समोर उभी होती, हात पुढं करून, पण लांब. डॉक्टर म्हणाले, "सोडा आता." वस्तादांनी हात काढला. बंडानं जरा वेळानं काढला.

आबा उभे होते. आणि तेव्हा आम्हाला दिसलं की ते आईएवढे झाले आहेत. लग्न झाल्यापासून आई त्यांच्याशी मान वर करून बोलायची. आता त्यांचे डोळे नेमके तिच्या डोळ्यांसमोर होते. आईला रडू फुटलं. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं, वहाणेची गोष्ट सांगितली तेव्हाही नाही, फळीवरून नेलं तेव्हाही नाही.

"काय बघतीस?" आबा म्हणाले.

"लई बारकं झालासा की वो," आई म्हणाली.

"उभा हाय न्हवं?"

आईनं मान हलवली. आबांच्या पायांची थरथर वाढत चालली होती, अंगरख्याच्या पट्ट्या वाजायला लागल्या. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. बंडाला राहवेना. तो धरायला पुढं झाला, वस्तादांचेही हात पुढं आले. आबांनी आईच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. म्हणाले, "धरू नगा. उभारू द्या मला अजून जरा."